बायकोच्या गाडीचे ब्रेक

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, "पुढच्या महिन्यात मी गाडी ट्रॅकवर नेणार आहे."

गाडी म्हणजे आमच्या घरातली एकुलती एक हॅचबॅक. रोज चिखलीहून तळवड्याला बायकोच्या ऑफिसात जाते आणि रविवारी भाजीच्या पिशव्या वाहते. ट्रॅक म्हणजे कंपन्या नव्या गाड्या पळवून बघतात तो. तिच्या ऑफिसातल्या हौशी मंडळींनी तो एका दिवसापुरता भाड्यानं घेतला होता. मी मोठ्यानं हसलो. मग लक्षात आलं की हसणारा मी एकटाच आहे.

"हेल्मेट मी घेतलंय," ती म्हणाली. "ब्रेकचं तू बघ. तुला माझ्या ब्रेकची फार काळजी असते."

हा टोमणा होता आणि तो वाजवी होता. तिला गाडी मीच शिकवली. तेव्हापासून तिच्या शेजारी बसलो की माझा उजवा पाय आपोआप पुढचं मॅट दाबत असतो. माझ्या बाजूचं मॅट दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजलंय.

मी चाकणला नोकरी करतो. आमची कंपनी दरवाजाची हँडलं बनवते आणि मी तिथे खरेदी खात्यात आहे. आमच्या पट्ट्यात माणसाला गाव विचारत नाहीत, पार्ट विचारतात. कोणी सीटचा, कोणी आरशाचा, कोणी सायलेन्सरचा. प्रत्येकाला गाडीचा एक तुकडा ठाऊक असतो आणि उरलेल्या गाडीबद्दल ठाम मत असतं. कँटीनमध्ये मी ट्रॅकचा विषय काढला तर जेवण संपेपर्यंत चार जणांनी मला ब्रेक शिकवले. त्यातला एकही ब्रेकच्या कंपनीतला नव्हता. सगळ्यांचा मिळून मुद्दा एवढाच होता, की जोरात आणि पुन्हा पुन्हा ब्रेक मारले की ब्रेकचं तेल उकळतं. तेल उकळलं की पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं आणि गाडी जिथे जायची तिथे जाते.

शनिवारी चिखलीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, ब्रेकच्या कॅलिपरला लाल रंग मारून देतो," तो म्हणाला. "चाकाच्या आतून दिसतो. ट्रॅकवर लुक पाहिजे."

"मला ब्रेक ऑइल बदलायचंय."

"ते चालतंय अजून."

"बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. झाकण उघडलं तर आत टपरीवरच्या तिसऱ्या उकळीचा चहा. नवीन असताना हे तेल पारदर्शक असतं, जरासं पिवळट. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलावं असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. आम्ही ते पुस्तक गाडीबरोबर मिळालेल्या प्लास्टिकच्या पिशवीत अतिशय जपून ठेवलं होतं. तेल गाडी घेतल्यापासून तेच होतं.

"सगळ्यांचं असंच असतंय," गॅरेजवाला म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला असावा. तिथून चिंचवडच्या हमरस्त्यापर्यंत पुढच्या प्रत्येक गाडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघत गेलो.

मग ठरवलं, आपणच करायचं. तेल आणलं, जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड आणले. दुकानदार म्हणाला, "हे गरम झाल्यावर धरतात." थंड असताना काय करतात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवली. पॅड बदलायला काही त्रास झाला नाही, त्यामुळे मी उगाचच खूश होतो. पुढचं काम मात्र दोघांचं होतं. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी बसून एक बारकासा नट सैल करायचा, जुनं तेल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, नट घट्ट करायचा आणि मगच सांगायचं, सोड. असं चारही चाकांना, स्वच्छ तेल येईपर्यंत. मध्येच पेडल सुटलं तर नळीत हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. हे काम नवरा-बायकोला देऊ नये, असं गाडीच्या पुस्तकात लिहायला हवं होतं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय. किती वेळ?"

"सोडू नकोस."

"सोड म्हणालास?"

"सोडू नकोस म्हणालो."

तोवर बाटलीत बुडबुडे आले होते.

सोसायटीचे चेअरमन खाली आले. पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करायला मनाई आहे, हे सांगायला आले होते. ते गिअरच्या कंपनीतून निवृत्त झालेले. मनाई सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठल्या चाकापासून सुरुवात केली?" मी म्हणालो, "मागचं डावं, सगळ्यात लांबचं." ते म्हणाले, "मग बरोबर." आणि खुर्ची मागवून बसले. जेवायच्या वेळेपर्यंत ते बसून होते आणि बायकोला "ताई, आता दाबा" म्हणायचं काम माझ्याकडून त्यांनी काढून घेतलं. त्यानंतर बुडबुडे आले नाहीत. माझ्याशी ती ज्या आवाजात बोलत होती तो चेअरमनांशी वापरता येत नव्हता, एवढंच कारण.

नवीन पॅड बसवले की ते चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून रुळवावे लागतात. साठ-सत्तरचा वेग घ्यायचा, ब्रेक दाबून अगदी हळू करायचं, पण थांबायचं नाही. पुन्हा वेग. असं बरेचदा. मग ब्रेक न लावता गाडी चालवत राहायचं, थंड होईपर्यंत. गरम असताना थांबून पेडल दाबून ठेवलं तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो. मुंबईला जाणारी, नाशिकला जाणारी आणि कुठेच न जाणारी सगळी वाहनं आमच्याच रस्त्यांवर उभी असताना असं न थांबता चालवायला जागा मिळवणं ही मोठी गंमत आहे. शेवटी चऱ्होलीच्या पुढे एक रस्ता सापडला. भव्य, रुंद, दोन्ही बाजूंना दिवे. ज्या इमारतींसाठी तो केला त्या अजून जाहिरातीच्या फलकावरच उभ्या होत्या.

बायको चालवत होती, मी शेजारी. रस्त्याकडेला मोरीवर एक म्हातारबाबा बसले होते, पांढरी टोपी, बाजूला शेळ्या. त्यांच्यासमोरून आम्ही वेगात गेलो, कचकन हळू झालो, पुन्हा वेगात गेलो. वळून आलो, पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या वेळी बाबा उठून रस्त्यात आले आणि त्यांनी हात वर केला.

बायकोनं गाडी चालीच्या वेगावर आणली. गाडीतून जळकट वास येत होता. मी काच खाली करून ओरडलो, "बाबा, थांबता येत नाही. ब्रेक गरम आहेत."

बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यावरून मला कळायला हवं होतं की त्यांनी अर्धंच वाक्य ऐकलंय. आम्ही पुढे गेलो, गाडी थंड करत नदीच्या बाजूनं मोठा वळसा घेतला आणि आरामात परत आलो. तर रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली. तिच्यापुढे कडब्याच्या पेंढ्यांचा ढीग रचलेला. आठ-दहा माणसं बाजूला उभी राहून हातवारे करत होती, आणि बाबा सगळ्यांच्या पुढे उभे राहून पेंढ्यांकडे बोट दाखवत होते. यात घाला, असं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं ब्रेक दाबला. गाडी ढिगाच्या बरीच अलीकडे, सरळ रेषेत, सुबक थांबली. इतकी सुबक की हातवारे करणाऱ्यांचे हात वरच राहिले.

बाबा खिडकीशी आले. आत वाकून त्यांनी आधी पेडलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ब्रेक हाय की," ते म्हणाले.

"आहे, बाबा."

"मग हे म्हनले थांबता येत न्हाई."

"ते असंच बोलतात," बायको म्हणाली.

मी उतरलो आणि तेल, पॅड, डिस्क, उष्णता असं सगळं समजावून सांगितलं. माणसांनी नीट ऐकून घेतलं. बाबांनी विचारलं, "म्हंजी ब्रेक चांगले व्हावेत म्हनून तुमी थांबत न्हवता." म्हटलं, हो. ते म्हणाले, "बरं." त्या एका शब्दात शहरातून शिकून आलेल्या सगळ्या मंडळींविषयीचं त्यांचं मत आलं. मी ओशाळून पेंढ्या उचलायला लागलो. बायकोही उतरली. बाबांच्या घरातला बैलांचा कडबा होता तो, आमच्यासाठी घाईघाईनं आणलेला. कोण कुठली गाडी, कोण कुठली माणसं, आणि ट्रॉली आडवी घातली. ट्रॉलीला ठोकर बसली असती तर, असं मी विचारलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बसू द्या की. तुमी वाचला असता न्हवं." मी पुढची पेंढी उचलली.

ट्रॅकच्या दिवशी तिथे खऱ्या वेगवान गाड्या होत्या. आमच्या हॅचबॅकच्या मागच्या काचेवर देवाचं नाव होतं आणि डिकीत कांद्याचा वास. शिकवायला आलेला प्रशिक्षक तिच्या शेजारी बसला, मी जाळीबाहेर उभा. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ती इतक्या उशिरा ब्रेक मारत होती की माझा पाय जमिनीवर दाबला जात होता. पण पेडल एकदाही खाली गेलं नाही. दुपारी लाल कॅलिपरवाल्या एका गाडीचं तेल उकळलं आणि ती मातीत जाऊन शांत बसली. मला वाईट वाटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बायको हेल्मेट काढून आली. केस चिकटलेले, चेहरा लाल. "प्रशिक्षक म्हणाला, ब्रेक कुणी तयार केले?"

"मग तू काय सांगितलंस?"

"चेअरमननी."

ते पॅड अजून गाडीला आहेत. थंड असताना काय करतात ते आता कळलंय. किंचाळतात. सकाळी तळवड्याच्या चौकात तिनं ब्रेक लावला की पुढचे दुचाकीवाले दचकून वळून बघतात. जुने पॅड परत बसवून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. लोक आपोआप बाजूला होतात, हॉर्न वाजवावा लागत नाही. पुढच्या ट्रॅकसाठी तिनं नाव दिलंय. या वेळी टायरचं मी बघायचंय.