फूल नसलेली कळलावी

डॉक्टरांनी माझ्या कपाळावरचे केस दोन बोटांत धरून हलकेच ओढले आणि अख्खा झुपका त्यांच्या हातात आला. "कोल्चिसीन," ते म्हणाले. "हे विष शरीरात नव्या पेशी होऊ देत नाही. आधी उलट्या-जुलाब, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, मग केस जातात. एका रानवेलीच्या कांदात, म्हणजे जमिनीखालच्या गड्ड्यात असतं. कोणता कांद खाल्लात?"

अकरा दिवस मी कांद, कांद म्हणूनच ओरडत होते! कोणी ऐकेल तर शपथ.

तालुक्याला हगवण समजून सलाईन लावलं. चंद्रपूरला आणल्यावर केसपेपरवर 'पॉयझनिंग', म्हणजे विषबाधा, असं लिहिलं गेलं आणि त्या एका शब्दानं आजारापेक्षा जास्त छळलं. लग्नाला सात महिने झालेली मास्तरीण, घरात एकटीच आजारी, आणि स्वयंपाक सासूचा. पोलीस चौकीतला जमादार वही घेऊन आला. "घाबरू नका बाई. सासूनं काई देल्लं का?" माझी आई तर खाटेशी बसून सासूबाईंच्या नावानं बोटं मोडत होती. मी नाही म्हणाले की सगळे एकमेकांकडे बघायचे, पोरगी धाकात आहे म्हणून. अंगात त्राण असतं तर एकेकाला वॉर्डाबाहेर हाकललं असतं.

घडलं होतं ते एवढंच. नागभीडकडच्या आमच्या गावात हिवाळ्यात रानातले कांद खणून खातात. ते मुळात कडूच. दोनदा उकळून, टोपलीत घालून रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवले की कडूपणा जातो. त्या दिवशी मी शाळेतून उशिरा आले, बाकीच्यांचं जेवण झालं होतं. माझ्या ताटातला कांद कडूजहर लागला. सासूबाई ओशाळल्या. "एक पाणी कमी पडलं वो बाई. राहू दे, नोको खाऊ." नव्या सुनेनं ताटात टाकायचं कसं, म्हणून मी सगळा संपवला. कडू लागलं तर आमच्याकडे कोणी घाबरत नाही, पुन्हा उकळतात.

डॉक्टरांनी खात्रीसाठी वेल मागितली. त्या दिवसांत वेल वाळून गेलेली, फूल कुठलं असणार? यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आधी पिशवीभर चांगले कांद आणले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून धोतऱ्याची फळं. बारावी शिकलेला माणूस! "अहो, जिथं खणलं तिथलंच आणा ना!" मी ओरडले आणि त्यानंच धाप लागली.

शेवटी सासूबाई स्वतः आल्या. आईला बघून दाराशीच थांबल्या. पदराच्या गाठीतून त्याच खड्ड्यातला उरलेला कांद काढला. दोन फाटे फुटलेला, नांगरासारखा. "बाकीचे गोल होते, असे दोनच. एक तुया ताटात गेला, मलेच दिसला नाई," म्हणाल्या आणि रडू लागल्या. डॉक्टरांनी पुस्तक उघडून चित्र दाखवलं. लाल-पिवळं फूल, पाकळ्या वर वळलेल्या.

कळलावी! भादव्यात हेच फूल दाबून मी वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं. खाली माझ्याच अक्षरात 'विषारी'. आमच्या कुंपणावरच ते फुलायचं. जमिनीखाली त्याचं काय असतं हे बघायची तसदी मास्तरीणबाईंनी घेतली नव्हती. इतके दिवस जगावर चिडत होते, आता स्वतःचाच संताप आला.

जमादारानं 'चुकून' असं लिहिलं आणि वही मिटली. आईनं माफी मागितली नाही. चहा आला तेव्हा पहिला कप मात्र सासूबाईंपुढे केला.

कांद खाणाऱ्यांनो, एवढं कराच. खणताना ओळख पटत नाही, तेव्हा फूल नसतं. पावसाळ्यात फूल दिसेल तिथं खूण करून ठेवा. आणि कडू लागलं तर ताट बाजूला सारा, सुना असाल तरीही.

पुढच्या पावसाळ्यात माझे केस बोटभर आले होते आणि कुंपणावर कळलावी फुलली. सासूबाई विळा घेऊन निघाल्या. मला वाटलं, उपटणार. त्यांनी विळ्यानं एक काठी तासली, वेलीच्या बुडाशी रोवली आणि तिला माझी लाल रिबन घट्ट बांधली.

"तुये केस वाढतपर्यंत राहू दे इथीच," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात कोणाले तं दिसन."