हेडक्लार्कसाहेबांचा ट्राउट

समस्त नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शेजारचे हेडक्लार्क हिमाचलच्या डोंगरी नदीवर ट्राउट नावाचा मासा पकडून आले. त्याआधी उन्हाळाभर गच्चीवर सराव चालला. कबुतराच्या पिसाची खोटी माशी गळाला बांधायची आणि नुसत्या मनगटाच्या झटक्याने पाण्याच्या टपात अलगद उतरवायची. कुणी जवळ गेलं की दबक्या आवाजात म्हणायचे, "बसा गा खाली. सावली पडली की मासा पळते."

जाताना त्यांनी अख्ख्या मजल्याला मासे खायचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. ते परतले त्या दिवशी आम्ही ताटांवर बसलो. त्यांनी रिकामी बर्फाची पेटी कोपऱ्यात सरकवली.

"सापडला होता. हातात घेतला, अन् सोडून दिला. खरा शौकीन सोडूनच देते."

वाढायला आलेल्या वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "अन् मी वाटलेला मसाला आता कोणत्या नदीत सोडू?"