ज्यांच्या घरी फोन नाही

आमच्या शाळेत संगणक आले, तेव्हा ते मुलांना कसे शिकवायचे याचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की बारामतीच्या प्रशिक्षणाला शाळेतून मी गेले होते. तिथं मी काय दिवे लावले ते माझं मला ठाऊक. पण वासरात लंगडी गाय शहाणी. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कोणता वर्ग आधी, कोणाची पाळी कधी, सगळं तुम्हीच ठरवा." मी मान डोलावली. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं होतं.

आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, उसाच्या पट्ट्यात. संगणक मोजके आणि मुलं भरपूर. सहावीपासून सुरुवात करायची ठरली. मग पाळ्या लावताना मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला फार अभिमान वाटला. ज्यांच्या घरी साधा स्मार्टफोनही नाही, त्या मुलांना पहिली पाळी द्यायची आणि वेळही जास्त द्यायचा. बाकीचे घरी फोनवर काहीबाही करतातच, त्यांना मागून बसवलं तरी चालतं. न्याय म्हणतात तो हाच, असं मी त्या दिवशी डबा खाताना सगळ्यांना ऐकवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि म्हणाले, "ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांनी उभं राहा."

कशासाठी ते सांगितलं नाही. मुद्दामच. सांगितलं असतं तर पहिल्या पाळीच्या लोभानं सगळा वर्ग उभा राहिला असता, असं मला वाटलं. मुलं खोटं बोलतात ती हावेपायी, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत धरूनच चालले होते.

पाच-सहा जण उठले. त्यात मागच्या बाकावरची एक मुलगी होती. तिच्या आजोबांची मेंढरं होती. वडील आता उसाचा ट्रॅक्टर चालवतात. ती उठली ती बाकाचा कोपरा नखानं खरवडतच. मी नावं लिहून घेतली आणि "बसा" म्हणाले. एवढंच झालं. कऱ्हाटीच्या शाळेत मी लहान असताना कंपास नाही म्हणून गुरुजींनी मला असंच उभं केलं होतं आणि महिनाभर मी त्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. ते मला त्या दिवशी आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, लग्नाला निघाल्यासारखे. मुलगी त्यांच्या मागं उभी होती. शिक्षक खोलीत मी एकटीच वह्या तपासत होते.

"बाई, पोरीला उभं केलंत म्हणं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आमच्यात फोन हाय. पोरीला ठावं नव्हतं. ह्यो बघा." आणि त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या टेबलावर, वह्यांच्या वर ठेवला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो वाजला. त्यांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, कुठंतरी बोट लागलं आणि खोलीभर आवाज घुमला, "दाजी, दावला का बाईस्नी? तेवढा सांच्याच्या गाडीनं इंदापूरला लावून द्या, हितं माझा खोळंबा हुतोय."

फोन बंद झाला. मुलीनं वडिलांचा सदरा मागून धरला होता. वडील भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होते.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं, की दादा, उभं केलं ते हिणवायला नाही, तुमच्या मुलीला पहिलं बसवायला. पण तसं सांगितलं असतं, तर मेव्हण्याचा फोन मागून आणून, बाईसमोर खोटं बोलून, आपण पोरीचंच नुकसान करून बसलो, हेही त्यांना त्याच दमात कळलं असतं. मला ते जमलं नाही. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला.

"चांगला आहे की फोन," मी म्हणाले. "बरं झालं दाखवलात. नाव काढून टाकते."

त्यांचा चेहरा खुलला. मुलीचाही. जाताना ते दोनदा वाकून नमस्कार करून गेले, आणि मी त्यांच्या मुलीची पहिली पाळी काढून घेऊन वह्या तपासत बसले.

पुढं व्हायचं तेच झालं. "बाई, आमच्यात बी हाय." "बाई, माझ्या आईनं घेतलाय." एकेक करून सगळे येऊन सांगून गेले. पहिल्या पाळीसाठी नावच उरलं नाही. मुख्याध्यापक खूश. "म्हणजे आपलं गाव पुढारलं की, बाई! मग लावा पाळ्या हजेरीच्या क्रमांकानं." मी लावल्या.

संगणकाचा तास सुरू झाला. त्या मुलीची पाळी आली तेव्हा मी तिला बोलावलं. ती हलली नाही.

"मला येतंय बाई," ती म्हणाली. "तिला बसू द्या." आणि शेजारणीला पुढं ढकललं.

पुढच्या तासालाही तेच. फोन आहे म्हटल्यावर येत नाही कसं म्हणायचं? ती रोज लांबून पडद्याकडं बघायची, हात मांडीखाली दाबून. मी शेजारी बसवून बघितलं, रागावून बघितलं. माझा आवाज चढला की ती आणखी गोड हसून म्हणायची, "येतंय की बाई." माझाच धडा ती मला म्हणून दाखवत होती.

शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. तास चालू असताना मी खुर्चीवरून उठले आणि टेबलापुढं येऊन उभी राहिले.

"ऐका," मी म्हणाले. "बारामतीच्या प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं होतं, संगणक कोणाला येत नाही, हात वर करा. मला येत नव्हतं. मी हात वर केला नाही. अजूनही मला धड येत नाही. म्हणून आज मी उभी राहिलेय. आता अजून कोणाला येत नसेल त्यांनी माझ्यासारखं उभं राहा."

मला वाटलं, आता एकेक जण उठेल. पहिली तीच उठेल.

कोणी उठलं नाही. सगळा वर्ग मान खाली घालून बाकाकडं बघत राहिला, कोणाला छडी बसताना बघतात तसा. मग मागच्या बाकावरून तिचाच आवाज आला, अगदी हळू, समजूत घातल्यासारखा.

"बसा बाई तुमी," ती म्हणाली. "कुणी न्हाय बघत."

मी खाली बसले.