खाटेवरून दिसणारं दार

निपाणीचं आमचं जुनं कौलारू घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा सासूबाई चिकोडीला लेकीकडे होत्या. न्हाणीत पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण काठीच्या आधारानं चार पावलं टाकण्यापलीकडे मजल जाईना. यापुढे दिवसाचा बराचसा वेळ खाटेवरच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. इंजिनिअरनं काढलेला नकाशा मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, कागद जरा लांब धरला आणि विचारलं, "माझी खाट कुठं?"

मी मागच्या खोलीवर बोट ठेवलं.

"मग मी हितंच बरी," त्या म्हणाल्या आणि नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. "उभा जन्म मागच्या सैपाकघरातनं 'कोण आलंय' म्हणून इचारण्यात गेला. तुझा सासरा कधी धड सांगायचा न्हाय. मला कळंपातूर आलेलं माणूस चा पिऊन वाटंला लागायचं. आता पडूनच ऱ्हायचं तर निदान पुढचं दार तरी दिसू दे गं. न्हायतर मी काय येत न्हाय."

खाट हॉलमध्येच टाकू, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर पाय पसरून पडायला मी काय प्रदर्शनातली वस्तू आहे का, अशा अर्थाचं बरंच काही ऐकून घेतलं. म्हणजे त्यांना त्यांची खोली हवी होती, आडोसा हवा होता आणि दारही दिसायला हवं होतं.

सासूबाई स्वभावानं सोप्या नाहीत. माझ्या आमटीत त्यांना आजवर एकदाही मीठ बरोबर सापडलेलं नाही. पण त्या चिकोडीला गेल्यापासून, बांधकामापुरतं घेतलेल्या भाड्याच्या घरात मला करमत नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं म्हणून त्या मागे लागायच्या, ती कटकटही हवीशी वाटू लागली होती. मला त्या घरात हव्या होत्या. परत येताना एसटीत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं की यांना दार दाखवायचंच.

इंजिनिअर तरुण आणि तोंडाचा गोड. खोलीचा हॉलकडचा कोपरा कापून तिथे तिरकी भिंत घ्यायची आणि दार त्या तिरक्या भिंतीत बसवायचं, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. "वैनी, तिरक्या भितीला कपाट बसत न्हाय, फरशी वाया जाती, आणि वास्तूवाले नावं ठेवतील त्ये येगळंच." आमचे हे त्याच्या बाजूनं मान डोलवत उभे. दोघांनी मिळून मला चहा करायला आत पाठवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता. त्यावर घराचे नकाशे काढायचा एक फुकटातला प्रोग्राम मी उतरवून घेतला. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, कोनमापकाची मला भीती नाही. पण हा प्रोग्राम माझ्याहून हट्टी निघाला. मी भिंत तिरकी ओढायची आणि बोट उचललं की ती सरळ होऊन काटकोनात उभी. पुन्हा ओढायची, पुन्हा सरळ. एका हिंदी व्हिडिओत एक बाई सांगत होती की भिंतीला आपोआप सरळ करणारी एक खूण असते, ती आधी काढून टाका. काढली. भिंत तिरकी राहिली, पण दोन्ही टोकांना फटी पडल्या आणि जमीन गायब झाली. फटी बुजवायला शाळेची अख्खी दिवाळीची सुट्टी खर्ची पडली. घरी फराळ विकतचा आणला आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मग कोनाडा. सासूबाईंना हाताशी मिश्रीची डबी, चष्मा आणि कानातलं यंत्र ठेवायला जागा लागते. या प्रोग्रामात दारं आहेत, खिडक्या आहेत, पोहण्याचा तलावसुद्धा आहे, पण कोनाडा नाही. मी खिडकीलाच कोनाडा करायला गेले, तर ती भिंतीच्या आरपार गेली आणि सासूबाईंच्या उशापासून थेट न्हाणीघर दिसू लागलं. बाहेरची भिंत जाड असते, तिला अर्ध्यापर्यंतच कोरायचं, हे बरंच डोकं खाजवल्यावर सुचलं. ह्यांनी मागे उभं राहून पाहिलं आणि त्यात रंगीत लाइट लावून एखादा शोपीस ठेवावा, असं सुचवलं. मी लक्ष दिलं नाही.

घरातून फिरवून दाखवणारा एक माणूस त्या प्रोग्रामात असतो. त्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर दार छान दिसत होतं. पण तो चांगला उंचापुरा. सासूबाई तर उशीला टेकून पडणार. मी आमच्या खाटेवर पडले, डोळ्यापर्यंतची उंची ह्यांच्याकडून टेपनं मोजून घेतली आणि त्या माणसाला तेवढा खाली आणला. दार गेलं, समोर नुसती सोफ्याची पाठ. मग सोफा हलवला, टीव्हीचं कपाट हलवलं, तिरकी भिंत आणखी थोडी तिरकी केली. शेवटी उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत अख्खं दार दिसलं. मी एकटीच लॅपटॉपसमोर टाळ्या वाजवल्या.

लगेच रविवारी लॅपटॉप घेऊन चिकोडी गाठली. सासूबाईंनी पडल्या पडल्या पाहिलं. दार पाहिलं, कोनाडा पाहिला. मग विचारलं, "सूर्य कुठनं उगवतोय ह्यात?"

मी उजेडाची बाजू दाखवली. त्यांनी हवेतच बोट फिरवून हिशेब केला.

"आत्तापास्नंच मला उत्तरंला डोकं करून निजवलीस व्हय गं?"

मी पटकन लॅपटॉप मिटला. मेलेल्या माणसाचं डोकं आपण उत्तरेला करतो. घरातलं लहान पोरही तसं निजलं तर आपण त्याला उचलून फिरवतो, आणि मी दाराच्या नादात सासूला सरळ त्या दिशेला झोपवून आले होते. माझं तोंड पाहून त्यांनाच हसू आलं. हसताना खुबा दुखला म्हणून मला आणखी दोन शब्द ऐकवले. "डोकं दक्षिणंला. दार दिसाय पायजे. आता कर काय करायचं त्ये."

खाट नुसती फिरवून भागत नव्हतं, कारण मग दार त्यांच्या डोक्यामागे जात होतं. सगळं घरच उलटं करायला हवं होतं. खोली उत्तरेच्या अंगाची दक्षिणेला आणली. तिथलं स्वयंपाकघर उचलून मागे उत्तरेला नेलं. पुढचं दार सरकवलं. तिरकी भिंत पुसून दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा काढली, पुन्हा फटी, पुन्हा गायब जमीन. या वेळी रडू आलं, ते मी आवरलं नाही. रडत रडत फटी बुजवल्या.

झाल्यावर इंजिनिअरला बोलावलं. त्याला खाटेकडे बोट दाखवलं. "पडा जरा." तो बिचकत पडला. मी लॅपटॉप त्याच्या पोटावर ठेवला. आधी त्याचाच नकाशा, मी प्रोग्रामात उतरवलेला, खाटेवरून दाखवला; समोर नुसती पांढरी भिंत. मग माझा. त्यानं दोन्ही नकाशे पुन्हा मागंपुढं करून पाहिले.

"व्हय की वैनी," तो म्हणाला. "ह्ये मी पडून बघितलंच नव्हतं."

चहा त्या दिवशी ह्यांनी केला.

घर उभं राहिलं. सासूबाई आल्या, दक्षिणेला डोकं करून खाटेवर टेकल्या, डाव्या हातानं कोनाड्यातली डबी काढून पाहिली, परत ठेवली. मग दाराकडे पाहिलं. चांगलं झालंय, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. फक्त दार लोटू नका, एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मागे स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. पुढे कुणाच्या तरी चपला वाजल्या. हात पिठाचे, तव्यावर भाकरी, आणि समोर नुसती भिंत. मी सासूबाईंना ओरडून विचारलं, "कोण आलंय ओ आत्ती?"

"कोपऱ्यावरची मावशी आलीया," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, "मला दार काढून दिलीस आणि सोताला भितीकडं तोंड करून हुबी केलीस व्हय गं, खुळे?"

भाकरी करपली. मी ती भिंत नीट पाहून घेतली. चार इंची आहे आणि तिच्यावर वरचा काही भार नाही, म्हणजे फोडता येईल. इंजिनिअरला मी उद्या बोलावलंय.