वाडीसाठी आलेलं मशीन

आमच्या लॅबमध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टाकीच्या तळाशी गाळ बसतो तसे ते बसत जातात, आणि उपसायला कोणाला वेळ नसतो. मी जांभूळ गावाकडे एका जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. माझ्या वाट्याचे बरेचसे किस्से एकाच मशीनचे.

मशीन आलं ते धरणाकाठच्या एका वाडीसाठी. जंगलातला पालापाचोळा कुजून तिथलं पाणी पावसाळ्यात बिनदुधाच्या चहासारखं होतं. त्यात नुसतं क्लोरीन टाकलं तर नको ती रसायनं तयार होतात. म्हणून हे मशीन: पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटी उभ्या करायच्या आणि करंट सोडायचा. प्लेटी झिजतात आणि झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम तो रंग धरून खाली बसतं. आमच्याकडे झाडू मारणाऱ्या बुधीबाई त्याच वाडीतल्या. रोज मशीनपाशी थांबून विचारायच्या, "मॅडम, ह्या आमचे वाडीन कवा येल?"

"ट्रायल झाली की लगेच," मी सांगायचे. मला ते खरंच वाटायचं.

मशीन बनवलं उल्हासनगरच्या वासवानी शेठनी. उघडून बघते तर आत चकचकीत स्टीलच्या प्लेटी. फोन केला. शेठ म्हणाले, "मॅडम, अ‍ॅल्युमिनियम तो घिस जाता है. मैंने अपनी तरफ से अच्छा माल डाला. लाइफटाइम गॅरंटी!"

अहो, ते घिसायलाच हवंय, हे सांगता सांगता माझा घसा बसला. शेठ गंभीर झाले. "साईं, इतने साल धंदा किया. खराब होनेवाला माल माँगनेवाला कस्टमर पहली बार देखा."

शेवटी अ‍ॅल्युमिनियम आलं, मशीन चाललं, प्लेटी झिजल्या. तर आमचे स्टोअरकीपर वजनकाटा घेऊन हजर. वजन कमी भरलं. "मॅडम, बाकीचं अ‍ॅल्युमिनियम कुठंय?" मी तळाचा गाळ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "गाळ स्टोअरला जमा होत नाही."

मला चोरीचा मेमो मिळाला. तो अजून मिटलेला नाही. आईशप्पथ, इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता.

मग उद्घाटन. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे जे जे हलत नाही त्याला रंग लागतो: कठडे, कुंड्या, झाडांचे बुंधे. त्या सकाळी प्लेटींनाही सिल्व्हर ऑइलपेंट मारलेला. पाहुण्यांनी नारळ फोडला, बटण दाबलं. करंट शून्य. टाळ्या वाजल्या, सगळे विकतच्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि निघाले. आमचे साहेब, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, मला म्हणाले, "चमक मात्र छान आलीये हां."

पेंट खरवडून आम्ही वाडीच्या पाण्यावर ट्रायल घेतली. रंग बराच उतरला, पण पूर्ण नाही. अजून प्लेटी लावल्या असत्या तर उरलेलाही गेला असता, असं मी लिहून दिलं. साहेबांनी रिपोर्ट बाजूला सारला.

"पाणीच खराब आहे हो हे. असल्या पाण्यावर मशीन पास कसं होणार?"

मग आमच्याच फिल्टर झालेल्या पाण्यावर ट्रायल झाली. चांगलं पाणी आत, चांगलं पाणी बाहेर. मी सही करायला नकार दिला, तर साहेबांनी दुसऱ्याची घेतली. मशीन पास.

न्यायला टेम्पो आला त्या दिवशी बुधीबाईंनी रजा टाकली होती. वाडीतल्या बायकांनी मिळून मशीनसाठी ओटा बांधून सारवून ठेवला होता. टेम्पो वाडीकडे गेलाच नाही, तो आमच्या गेस्ट हाऊसला वळला. मी भांडले. साहेब म्हणाले, "तिकडे फेल झालं तर नाव कोणाचं जाईल? इथे पाणी चांगलं आहे, मशीन टिकेल." पुढे बुधीबाईंची ड्यूटीही गेस्ट हाऊसलाच लागली.

परवा भर पावसात मीटिंगसाठी साहेबांबरोबर तिथे गेले होते. साहेबांनी मशीनचं पाणी घोटभर घेतलं, खूश झाले आणि ग्लास विसळणाऱ्या बुधीबाईंना विचारलं, "काय बाई, कसं लागतंय पाणी?"

"म्हाईत नाय, साहेब," बुधीबाई म्हणाल्या. "ह्या पाहुण्यांचा. आमी आमचा पानी घरशी आनताव."