टायपिंगचा वर्ग

मूर्खपणा कबूल करते. बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगारांना मी सरकारी वर्गात टायपिंग शिकवलं, तेही कचेऱ्यांत संगणक येऊन बसल्यावर. काल नात मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहीत होती, ते बघून माझे कान तापले. पंचविशीतली मी, मोठी शहाणी! तुटलेला धागा चुटकीसरशी जोडणाऱ्या त्या हातांशेजारी फूटपट्टी आपटून ओरडायची, "दहाही बोटं वापरा!" माणसाला नवं काम शिकवताना ते काम जगात उरलंय का, एवढं तरी बघावं. मी नुसती हजेरी बघितली.

माझे सर्वांत वयस्कर विद्यार्थी सावंतमामा दाखला घेऊन नोकरीसाठी वणवण फिरले. पुढे बाजारात भेटले तेव्हा हसत म्हणाले, "बाई, साहेब म्हणतो, काका, येताना टाइपरायटरही घेऊन या. कुठं मिळतो हो?"