गुरुजींचं गाणं राहून गेलं

आमच्या गाण्यात एक रीत आहे. मैफलीत लहान आधी गातो, मोठा शेवटी. आणि एकदा भैरवी झाली की मैफल संपली, मग कुणी सूर लावायचा नाही. ही रीत मला गुरुजींनी शिकवली. तिच्याबद्दल लिहायला बसले की अजूनही माझं डोकं फिरतं.

गुरुजी तीर्थपुरीचे, शाळेतून निवृत्त झालेले. मी जालन्याला शिक्षिका होते आणि दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडे गाणं शिकायला जायची. त्यांचा आवाज बसायला लागला तेव्हा ज्यानं त्यानं काढा, हळद, मिठाच्या गुळण्या सुचवल्या. निघाला कर्करोग. गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचेल, पण बोलणं आणि गाणं कायमचं बंद.

मग जालन्यातल्या गाण्याच्या मंडळींनी त्यांच्या साहाय्यार्थ मैफल ठरवली. पुण्याचे एक नावाजलेले गवई बिदागी न घेता यायला तयार झाले. हे सांगायला मी गेले तर गुरुजी उखडलेच. "मी काय झोळी घेऊन बसलोय का?" त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात पदराचं टोक चावत उभ्या होत्या. मग गुरुजी म्हणाले, "फुकटचं काई घेणार न्हाई. मी बी गाईन. थोडंच गाईन, पण गाईन. मंग लोकांनी काय द्यायचं ते द्यावं."

ते त्यांचं शेवटचं गाणं असणार होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. पूरिया धनाश्रीतली एक बंदिश त्यांनी निवडली, कारण वयानं मोठे म्हणून त्यांची पाळी शेवटी, दिवस मावळताना येणार होती. तोवर आवाज राखायचा म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. चहा हवा असला तरी पाटीवर लिहायचे. काकूंना धड वाचता येत नसे. त्या चहाऐवजी चादर आणून द्यायच्या आणि दोघंही हसायचे. त्या घरात हसू पाहिलं ते तेवढंच.

गावोगावच्या लोकांना परतीची बस मिळावी म्हणून मैफल दुपारीच ठेवली होती, एका शाळेच्या सभागृहात. कुंभार पिंपळगावाहूनही माणसं आली. गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते, गळ्याला मफलर, गालात ज्येष्ठमधाचा तुकडा. काकू बायकांत बसल्या होत्या. नवऱ्याच्या मैफलीला त्या जन्मात पहिल्यांदाच आल्या होत्या. मी पाहुण्या गवयांच्या मागे तंबोऱ्यावर होते. त्यांनी मुलतानी असा काही गायला की, खोटं कशाला बोलू, मीही सगळं विसरले.

मुलतानी संपला आणि मैफल ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष उठले. बियाण्यांचे व्यापारी. माणूस दिलदार, सगळी धावपळही त्यांनीच केलेली, पण गाण्यात अर्ध्या हळकुंडानं पिवळे. जाणकार लोक गवयाला भैरवीची फर्माईश करतात, एवढं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. हात जोडून म्हणाले, "बुवा, आता एक भैरवी होऊन जाऊ द्या!"

गुरुजी नंतर गाणार आहेत, हे पाहुण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ह्याला वाटलं त्यानं सांगितलं असेल, त्याला वाटलं ह्यानं. गुरुजींचा गळा गेलाय, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी डोळे मिटले आणि भैरवी सुरू केली.

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी गालातला ज्येष्ठमधाचा तुकडा काढला, रुमालात गुंडाळला आणि रुमाल खिशात ठेवला. मग मांडीवर ताल धरून शेवटपर्यंत मान डोलवत राहिले.

टाळ्या झाल्या, लोक चपला शोधायला लागले. मी पाहुण्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खाली उतरून त्यांनी गुरुजींचे पाय धरले. "गुरुजी, तुम्ही गा. लोकांना मी बसवतो."

कित्येक दिवसांनी गुरुजी बोलले. आवाज घोगरा होता, पण सुरात होता. "भैरवीनंतर कोन गातं का, बाबा? बराबर न्हाई ते. तुमी लई गोड गायलात."

"गुरुजी, आजच्या दिवस तरी," मी म्हटलं. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी मागे सरले. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून काकू आल्या. लोक का उठले, हेच त्यांना कळेना.

"आता ह्यांचं गाणं कवा हाय गं?" त्यांनी मला विचारलं.

मी तंबोऱ्याला गवसणी घालत राहिले.

शस्त्रक्रिया झाली. गुरुजी पुढं बरीच वर्षं जगले. पण समितीतलं कुणी समोरून येताना दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. न गाता घेतलेली मदत त्यांना कधी पचली नाही. मी रविवारी जातच राहिले. ते हातानं सम दाखवायचे, माझं चुकलं की मांडीवर थाप मारायचे. अध्यक्षांवर मी खूप वर्षं दात धरून होते. खरा राग त्यांच्यावर नव्हताच, गुरुजींवर होता. एक बंदिश गायले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?

गुरुजी गेले. वर्षश्राद्धाला आम्ही शिष्यांनी त्यांच्याच अंगणात गाणं ठेवलं. सगळ्यांत मोठी म्हणून शेवटी मी बसले. दिवस मावळायला आला तेव्हा माझा राग गाऊन संपला. आता भैरवी, म्हणून पेटीवाल्यानं सूरही धरला. मी भैरवी न गाता तंबोरा खाली ठेवला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, थोडी कुजबुज झाली, मग एकेक जण उठला. काकू तेवढ्या बसून होत्या.

"झालं का गं समदं?"

"न्हाई काकू," मी म्हटलं. "गुरुजींचं व्हायचंय अजून."

काकूंनी मान हलवली आणि पदर सावरून त्या सतरंजीवर तशाच बसून राहिल्या.